ड्रेसिंग रोज होतं, पायावरचा भार कोण काढणार?

आईला डायबेटीस आहे, आणि तिची जखम उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी. सुरुवातीच्या तपासण्या भराभर झाल्या, त्याबद्दल काही तक्रार नाही. 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला तर तिला कळलंच नाही, म्हणजे संवेदना गेलेली. एक्स-रे झाला, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) झालं, बोथट सळईने जखमेचा तळ चाचपला तर हाड लागलं नाही. कडेचा जाड घट्टा कापून काढला आणि ड्रेसिंग सुरू झालं.

घोडं अडलं ते त्यानंतर.

अशी जखम होते ती एकाच जागेवर पडणाऱ्या दाबामुळे. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, आणि रात्रभरात जे कोवळं मांस भरून आलेलं असतं ते सकाळच्या पहिल्या पावलांत चिरडतं. मग वर कितीही महागडं मलम लावा. त्या जागेवरचा भार काढणं हाच इथे खरा उपचार आहे. इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूटच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांतही चवड्याखालच्या अशा जखमेला पहिली पसंती आहे ती गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या साधनाला. प्लॅस्टरमध्ये केलं तर त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात.

आमच्या केसपेपरवर लिहिलं होतं एवढंच : ‘पायावर भार नको’. तो काढायचा कोणी? सर्जरीवाले म्हणाले, प्लॅस्टर आमच्याकडे नसतं, ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या विभागात जा. ऑर्थोवाले म्हणाले, हाड मोडलेलं नाही, मग प्लॅस्टर कशाला? आणि उघड्या जखमेवर तर आम्ही घालतच नाही. परत सर्जरी. परत नवी चिठ्ठी, नवी रांग. ज्या बाईला चालू नका म्हणून सांगितलंय तिलाच या दारातून त्या दारात चालवायचं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दोन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर होते, पण जखम दोघांच्या मधे पडली होती. बधिर पायांसाठी हे प्लॅस्टर काही कालपरवाचं नाही. वेल्लोरला सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकात कुष्ठरोग्यांच्या तळव्याच्या जखमांसाठी ते वापरलं होतं.

गाडं हललं ते चिठ्ठीतला मजकूर बदलल्यावर. ‘ऑर्थो ओपिनियन’ असं मोघम लिहून घेऊ नका. चार गोष्टी स्पष्ट हव्यात : संवेदना गेल्यामुळे झालेली चवड्याची जखम; हाडात जंतुसंसर्ग नाही; रक्तपुरवठा ठीक, आकड्यासकट; ऑफलोडिंगसाठी (भार काढण्यासाठी) न काढता येणारं गुडघ्यापर्यंतचं कास्ट हवं. रक्तपुरवठ्याच्या आकड्याशिवाय प्लॅस्टर घालायला डॉक्टर कचरतात, आणि ते योग्यच आहे. रक्त पोचत नसेल किंवा आत पू असेल तर प्लॅस्टरखाली पाय जाऊ शकतो. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर म्हणजे एबीआय. 0.9 च्या खाली आला तर रक्तवाहिन्यांत अडथळा समजायचा. पण डायबेटीसमध्ये वाहिन्या कडक होतात आणि आकडा खोटा चढतो. 1.3 च्या वर दिसला तर खूश होऊ नका, पायाच्या बोटाचं प्रेशर घ्यायला सांगा.

पट्टे लावून काढता येणारा बूट सोपा वाटतो, आम्हालाही आधी तोच सुचवला होता. तो घरात कोणी घालत नाही. 2003 सालच्या एका अभ्यासात अशा रुग्णांनी एकूण पावलांपैकी फक्त 28 टक्के पावलं बूट घालून टाकली होती. आपल्याकडे तर तुळशीला पाणी घालायला, देवघरात, रात्री न्हाणीघरात, सगळीकडे अनवाणी. प्लॅस्टर घालणारा मिळतच नसेल तर त्याच बुटाभोवती फायबर प्लॅस्टरची पट्टी गुंडाळून तो पक्का करून मागा. उपयोग जवळजवळ तेवढाच होतो.

कास्ट घालताना मी बाजूला उभं राहून पाहिलं. बोटांच्या मधे कापूस, बोटांवर फोम, नडगीवर आणि घोट्याच्या दोन्ही हाडांवर फेल्टचे तुकडे. बाकी अस्तर अगदी पातळ, कारण जाड कापूस दबला की पाय आत खालीवर सरकतो आणि नवी जखम करतो. घोटा काटकोनात. मग तळव्याच्या खोलगट भागात हाताने दाबून दाबून प्लॅस्टर बसवलं, वरून फायबर. पहिलं कास्ट दोन-तीन दिवसांतच बदलावं लागतं, कारण सूज उतरते आणि ते सैल होतं. पुढे आठवड्याला. कापताना यंत्र चालवणाऱ्याला ‘पायाला कळत नाही’ हे दर खेपेला सांगा. चटका बसला, कापलं तरी रुग्ण ओरडणार नाही.

ताप, वास, बाहेर आलेला डाग, सैलपणा, बोटं काळीनिळी पडणं, किंवा कारण नसताना साखर चढणं : यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी कास्ट उघडायला जायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. कास्टमुळे तो पाय उंच होतो, म्हणून दुसऱ्या पायातल्या चपलेला तेवढाच जाड तळ लावून घ्या, नाहीतर कंबर धरते आणि तोल जातो. आपल्या पावसात प्लॅस्टर भिजलं तर ते संपलंच. अंघोळ खुर्चीवर बसून, तो पाय प्लास्टिकमध्ये बांधून न्हाणीच्या बाहेर ठेवून.

हे आधी सांगायला हवं होतं : गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण आहे. दाखल व्हायची वेळ आली की नूतनीकरणामागे धावायला सवड नसते.

चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही तर त्याच उपचारावर बसून राहू नका, रक्तपुरवठा आणि हाड पुन्हा तपासून घ्या. दर खेपेला शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, म्हणजे ‘बरी वाटतेय’ यावर भागवावं लागत नाही.

जखम मिटली तरी साधी चप्पल नको. भरलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के जखमा वर्षभरात पुन्हा उघडतात. एमसीआरच्या (मायक्रोसेल्युलर रबराच्या) मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल मापाने करून घ्या आणि ती कास्ट निघायच्या आधी तयार हवी. माप कास्ट बदलायच्या दिवशीच द्यायचं, पाय उघडा असतो तो तेवढाच वेळ.