लिहिणारा विमानात कुठे बसायचा?

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर क्रूच्या आठवणी वाचायला लागलं की पहिली काही पुस्तकं एका बैठकीत संपतात आणि मग एक वेळ अशी येते की सगळी सारखीच वाटायला लागतात. भरती, ट्रेनिंग, पहिली रात्र, शेजारचा पलंग रिकामा, तिसावी रात्र (तीस फेऱ्या झाल्या की पाळी संपायची), सुटलो. यावर मी एक उपाय काढलाय आणि तो मला भयंकर उपयोगी पडतो, म्हणजे पुस्तक उघडलं की आधी बघायचं, हा माणूस विमानात बसायचा कुठे. पायलट किती शूर होता वगैरे नंतर बघू. कारण विमान एक असलं तरी आतल्या प्रत्येकाला दिसायचं वेगवेगळं, आणि काहींना तर काहीच दिसायचं नाही.

ब्रिटिशांचं लँकेस्टर हे बॉम्बर विमान घ्या. आत सात जण: पायलट, फ्लाइट इंजिनियर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर, वरचा गनर आणि एकदम शेपटीत मागचा गनर. यातला नॅव्हिगेटर पडद्याआड, कारण त्याच्या टेबलावरच्या दिव्याचा उजेड बाहेर गेला तर मेलेच सगळे. म्हणजे बर्लिनला जाऊन यायला सात-आठ तास, खाली अख्खं शहर पेटलंय, आणि हा बाबा नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन वाऱ्याचा हिशोब करतोय. त्याच्यासाठी बर्लिन म्हणजे कागदावरची एक फुली आणि हेडफोनमध्ये बाकीच्यांचे चढलेले आवाज. त्यामुळे नॅव्हिगेटर लोकांच्या पुस्तकांत आग कमी आणि माणसं जास्त असतात असं माझं मत झालंय. डॉन चार्लवुड नावाचा ऑस्ट्रेलियन नॅव्हिगेटर इंग्लंडमधल्या एल्शम वोल्ड्स तळावरच्या १०३ स्क्वॉड्रनमध्ये होता, त्याचं 'नो मून टुनाइट' वाचा, त्यात टार्गेटपेक्षा मेसमधले चेहरे आणि तळावरचा चिखल लक्षात राहतो. लेखक म्हणून तो या सगळ्यांमध्ये बराच वरचा आहे, हे सीटमुळे नाही, तो लिहायचाच तसा.

बॉम्ब एमरचं बरोबर उलटं. तो नाकात पालथा पडलेला, समोर काच, त्यामुळे जे काही आहे ते सगळं त्यालाच दिसणार. शेवटची काही मिनिटं विमान खरं तर त्याच्या हातात, तो सांगणार आणि पायलट वळवणार. डावीकडे घ्यायचं असेल तर 'लेफ्ट लेफ्ट' असं दोनदा म्हणायचं आणि उजवीकडे एकदाच 'राइट', कारण इंटरकॉमच्या खरखरीत एकदा म्हटलेलं नीट कळलं नाही तर निदान शब्द किती वेळा आला त्यावरून तरी समजावं. मग 'स्टेडी... स्टेडी...' आणि बॉम्ब गेले. इतके टन वजन गेल्यावर विमान एकदम वर उसळतं, आणि इथे वाचणाऱ्याला वाटतं की झालं, आता पळा. पण नाही. बॉम्बबरोबर एक फ्लॅश टाकलेला असायचा, तो खाली जाऊन फुटेपर्यंत विमान सरळ, एका पातळीत न्यायचं, म्हणजे आपले बॉम्ब कुठे पडले त्याचा फोटो निघेल. साधारण अर्धा मिनिट. सर्चलाइट, खालून तोफा, आजूबाजूला आपलीच शेकडो विमानं अंधारात, आणि तुम्ही फोटोसाठी सरळ उडताय! कुठलंही पुस्तक काढा, या अर्ध्या मिनिटावर एक परिच्छेद असतोच असतो, आणि तो कधीच कंटाळवाणा नसतो.

माइल्स ट्रिप हा बॉम्ब एमर होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर पोचला तेव्हा शहर आधीच पेटलेलं होतं, आणि त्याने पायलटला बाजूला घ्यायला सांगून बॉम्ब शहराच्या कडेला टाकले, मोकळ्या जागेत पडावेत म्हणून. हे त्याने स्वतःच 'द एट्थ पॅसेंजर' मध्ये लिहिलंय, युद्धानंतर वीसेक वर्षांनी, जुन्या क्रूला शोधून काढून त्यांच्याशी बोलून झाल्यावर. पुस्तक भारी होण्याचं कारण तेच, कारण एकाच सीटची आठवण न राहता ती बाकीच्यांच्या आठवणींवर घासून बघितलेली आहे आणि बऱ्याच ठिकाणी जुळत नाही. आणि न जुळलेलं त्याने तसंच ठेवलंय. हे फार कमी लोक करतात.

मागचा गनर हा तर वेगळाच प्राणी. तो उलटा बसलेला, त्यामुळे आपण कुठे चाललोय ते त्याला कधी दिसतच नाही, कुठून आलो तेवढं दिसतं, घरी येताना मात्र जळणारं शहर कितीतरी वेळ त्याच्याच समोर. बाकीच्यांपासून लांब, एकटा. उणे चाळीसपर्यंत थंडी, आणि त्यातही नीट दिसावं म्हणून कित्येकांनी समोरची काचच काढून टाकलेली. टरेट, म्हणजे बंदुकांसकट फिरणारी त्याची कोठडी, इतकं लहान की पॅराशूट अंगावर घालून बसता येत नाही, ते मागे टरेटच्या दाराबाहेर, विमानाच्या आत टांगलेलं. म्हणजे उडी मारायची वेळ आली तर आधी टरेट सरळ करा, दार उघडा, मागे हात घालून पॅराशूट घ्या, छातीला अडकवा, टरेट आडवं फिरवा आणि पाठीवर बाहेर पडा. जळत्या, गिरक्या खाणाऱ्या विमानात. हे वाचताना मी प्रत्येक वेळी मनात ते स्टेप बाय स्टेप करून बघतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या स्टेपलाच अडकतो.

वायरलेसवाला मात्र गरम हवेच्या नळीशेजारी बसून घामाघूम, पुढे बॉम्ब एमर काकडतोय आणि हा हीटर कमी करा म्हणून ओरडतोय. यावरून भांडणं व्हायची.

आता खरा मुद्दा. ही माणसं खोटं बोलत नव्हती, पण त्यांना जे दिसत होतं ते नेमकं काय आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. 'स्केअरक्रो', म्हणजे बुजगावणं, हे त्याचं सगळ्यात कडू उदाहरण. रात्री अचानक शेजारी मोठा स्फोट, केशरी गोळा, धूर, जळते तुकडे खाली. क्रूना सांगण्यात आलं होतं की जर्मन लोक एक खास गोळा उडवतात, विमान फुटल्यासारखा दिसणारा, तुम्हाला घाबरवायला. कित्येक आठवणींत हे अगदी सहज येतं, आज तीन स्केअरक्रो दिसले वगैरे. युद्धानंतर असा गोळा जर्मनांकडे असल्याचा काही पुरावा मिळाला नाही. ती खरीच विमानं होती, सात सात माणसांसकट. हे कळल्यावर जुनं पुस्तक परत उघडून तेच वाक्य वाचलं की पोटात खड्डा पडतो, कारण लिहिणाऱ्याने ते निवांतपणे लिहिलेलं असतं.

आणि दुसरं, जे कोणालाच दिसलं नाही ते. जर्मन नाइट फायटरनी १९४३ पासून तिरप्या, वरच्या दिशेला रोखलेल्या तोफा बसवायला सुरुवात केली, त्याला ते 'श्रेगे म्युझिक' म्हणायचे. फायटर हळूच बॉम्बरच्या पोटाखाली यायचं आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर गोळ्या झाडायचं. लँकेस्टरमधून सरळ खाली बघायची सोय जवळजवळ नव्हती. ज्यांच्यावर असा हल्ला झाला त्यातले फार थोडे परत आले, मग सांगणार कोण? त्यामुळे त्या काळातल्या आठवणींत विमानं 'अचानक' पेटतात. फ्रीमन डायसन, पुढे मोठा झालेला फिजिसिस्ट, तेव्हा बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाच्या, ऑपरेशनल रिसर्चमध्ये पोरगेलासा आकडेमोड करायला होता, आणि त्याला आढळलं की अनुभवी क्रू आणि नवे क्रू जवळपास सारख्याच प्रमाणात मरतायत. क्रूना मात्र सांगितलं जायचं की पहिल्या काही ट्रिप निभावल्या की पुढे तुम्ही शिकता आणि वाचता. आठवणी लिहिणारे तर सगळे वाचलेले! त्यांना साहजिकच वाटतं की आमचा मागचा गनर कडक होता, आम्ही शिस्तीत होतो, इंटरकॉमवर फालतू बडबड नव्हती. असेलही, पण गेलेल्यांचा गनर पण कडक असेल, त्याचं पुस्तक नाही एवढंच. बॉम्बर कमांडच्या साधारण सव्वा लाख एअरक्रूपैकी ५५,५७३ मेले, आणि ही सगळी आपण होऊन आलेली, बहुतेक वीस-बावीसची पोरं.

अजून एक गट आहे ज्याची पुस्तकं नाहीत. एका ठिकाणी येऊन ज्यांनी आता नाही जमत म्हणून सांगितलं, त्यांच्या कागदांवर 'एलएमएफ' असा शेरा पडायचा, लॅक ऑफ मॉरल फायबर, आणि त्यांना रातोरात तळावरून हलवायचे. हे लोक इतरांच्या पुस्तकात दोन ओळींत येतात आणि जातात, बहुतेक वेळा नावाशिवाय.

अमेरिकन आठवणी वाचायला घेतल्या की सगळंच बदलतं कारण ते दिवसा उडायचे. त्यांच्या बी-१७ बॉम्बरमध्ये दहा जण, शेजारी दुसरं विमान इतकं जवळ की त्यातल्या माणसाचा चेहरा दिसतो, आणि ते पडायला लागलं की सगळे मोजतात, एक पॅराशूट, दोन, तीन, पुढे काही नाही. १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेलेल्या २९१ विमानांपैकी ६० परत आली नाहीत, आणि ते गेलेल्यांच्या मित्रांनी उघड्या डोळ्यांनी, लख्ख उजेडात पाहिलं. ब्रिटिशांना सकाळी मेसमध्ये रिकाम्या खुर्च्यांवरून कळायचं. दोन्हींत वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही.

आणि खालचे लोक. ते या पुस्तकांत जवळजवळ नसतातच, वीस हजार फुटांवरून कसे असणार, तिथून फक्त रंग दिसतात, आणि बरेच जण तर सुंदर होतं असंही लिहितात, प्रामाणिकपणे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला जी आग लागली त्यात तीस हजारांच्या वर माणसं गेली, पण बॉम्बरवाल्यांच्या आठवणींत त्या रात्री गंमत म्हणजे आनंदाच्या असतात, कारण 'विंडो' या नावाच्या, रडारला फसवणाऱ्या चंदेरी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पहिल्यांदाच टाकल्या होत्या, जर्मन रडार आंधळं झालं होतं आणि आपली विमानं फार पडली नव्हती. म्हणून हॅम्बुर्गवरचं काही वाचलं की मी लगेच तिथल्या कोणाची तरी आठवण वाचायला घेतो. लागोपाठ वाचणं जड जातं, पण मध्ये गॅप टाकला की आधीचं पुस्तक डोक्यात बसून जातं आणि मग दुसऱ्याला ऐकून घ्यायची तयारी राहत नाही.

एक भाग मात्र असा की तो कोणीही लिहिला तरी मला आवडतो, क्रू कसा जमला तो. एवढं नियमांवर चालणारं एअरफोर्स, मोज्यांचा पण हिशोब ठेवणारं, आणि इथे काय करायचं तर पायलट, नॅव्हिगेटर, गनर सगळ्यांना एका हँगरमध्ये सोडून द्यायचं आणि म्हणायचं, तुमचं तुम्ही ठरवा. पोरं इकडेतिकडे बघत उभी, कोणी बोलायला तयार नाही, मग कोणीतरी येऊन विचारतो की तुला गनर मिळाला का, मला एक माहितीये, बरा आहे. झालं. फ्लाइट इंजिनियर बहुतेक वेळा पुढे, चार इंजिनांच्या विमानाच्या ट्रेनिंगला गेल्यावर यायचा. कोण कोणाबरोबर जगणार किंवा मरणार हे असं पाच मिनिटांत, चेहरा बघून ठरलेलं, आणि ते जमायचं!

सध्या मी ग्राउंड क्रूच्या आठवणी शोधतोय, म्हणजे जे रात्रभर खाली थांबायचे आणि सकाळी विमानं मोजायचे. ते विमान त्यांचं असायचं, उडवणारे रात्रीपुरतं उसनं न्यायचे असं ते म्हणायचे, आणि भोकं पाडून आणलं की पायलटला सुनवायचे. अशी पुस्तकं फार कमी निघालीत, सापडली त्यातली बरीचशी घरच्यांनी छापलेली, शंभरेक पानांची, आणि त्यात इंजिनांबद्दल इतकं आहे की निम्मं मला कळत नाही.