आई आठ महिने गप्प राहिली

आईला खाली खाज होती, मग गाठ आली, आणि लाजेपोटी ती आठ महिने कुणाला काही बोललीच नाही. मध्ये एका डॉक्टरने न तपासताच फंगसचं मलम दिलं, तेच लावत बसली. शेवटी बायोप्सीत व्हल्वाचा कॅन्सर निघाला, म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाचा, तोही मूत्रमार्गापर्यंत पोचलेला.

मला वाटलं लगेच ऑपरेशन करतील. पण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की आत्ता कापायचं तर लघवीची, कदाचित शौचाचीही वाट जाईल आणि पोटावर पिशवी येईल, म्हणून आधी रेडिएशन, जांघेतल्या लसीका गाठींनाही (तिथे कॅन्सर आधी पसरतो), आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध. गाठ आटली तर ऑपरेशन लहान होतं, कधी लागतही नाही. फुफ्फुसात वगैरे पसरला असेल तर मात्र केमो, काहींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, पण तिथे बहुतेकदा आजार रोखून धरणं आणि त्रास कमी करणं एवढंच हातात असतं.

रेडिएशनसाठी सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, नवी मुंबईत नेरुळहून खारघर. चौथ्या आठवड्यात कातडी सोलवटली, लघवीला बसली की आई नळ घट्ट धरून ठेवायची, मला बाहेर ऐकू यायचं. मग नर्सताईंनी सांगितलं, लघवी करतानाच मगने कोमट पाणी ओतत राहा. त्याने खरंच फरक पडला, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता डावा पाय थोडा सुजलाय, पुढच्या महिन्यात स्कॅन आहे.