तुम्ही विचारलंत म्हणून: लाल-हिरवं कळत नाही, मग एवढे रंग कशाला?

"भावा, तुला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि टीमक्समध्ये १ कोटी ६७ लाख रंग चालू करा म्हणून आमच्या मागं लागतोस?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यापासून ऑफिसच्या कॉलपर्यंत सगळीकडे हेच. (टीमक्स म्हणजे टर्मिनलमधली, आज्ञा टाइप करून काम करायच्या खिडकीतली, सत्रं सांभाळणारा प्रोग्राम.) पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: दाभोळकर कॉर्नरला सिग्नल कसा ओळखतोस? वरचा लाल, खालचा हिरवा. जागेवरून. झालं.

पहिल्याचं उत्तर एवढ्यात संपत नाही. लाल-हिरव्यात गोंधळ होतो म्हणजे मला रंगच दिसत नाहीत असं नव्हे. निळा आणि तपकिरी मला स्वच्छ वेगळे कळतात. कोडमधले बदल दाखवताना तयार थीममध्ये काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. मला दोन्ही मातकट. म्हणून ओळींमागचे रंग मी स्वतः निवडले. वर अक्षरं वाचायची असतात, म्हणून गडद: घातलेल्या ओळीला निळा ०, ३०, ६० आणि काढलेलीला तपकिरी ५०, ३०, ०. (आकडे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रमाणाचे, प्रत्येकी ० ते २५५.) ज्याला तयार रंग चालतात त्याचं टर्मिनलच्या ठरलेल्या २५६ रंगांत भागतं. माझं भागत नाही. तिथं लाल, हिरवा, निळा यांच्या सहा-सहाच पायऱ्या आहेत, आणि शून्यानंतरची पायरी एकदम ९५ वर. माझे रंग नेमके त्या मधल्या जागेत पडतात.

याची किंमत मी कोल्हापुरातल्याच एका ऑफिसात मोजली. कोडचा रिव्ह्यू होता, मोठ्या पडद्यावर, सगळी टीम समोर. सर्व्हर नवा. काम टीमक्समध्येच, कारण लाइट गेली, नेट तुटलं तरी तिकडचं सत्र जिवंत राहतं. मी डेल्टामध्ये, म्हणजे कोडमधले फरक रंगवून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, बदल उघडला. डेल्टा माझे रंग जसेच्या तसे पाठवत होता. पण बाहेरच्या टर्मिनलला ते पेलतात हे त्या टीमक्सला कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी तो प्रत्येक रंग २५६ मधल्या जवळच्या रंगावर नेऊन बसवतो. माझा निळा गेला २३४ क्रमांकाच्या राखाडीवर. तपकिरीही त्याच २३४ वर. आणि ओळीपुढच्या अधिक-उण्याच्या खुणाही डेल्टा चालू केल्याशिवाय दाखवत नाही.

"यातली काढलेली ओळ कुठली?" साहेबांनी विचारलं. मला सांगता येईना. मागून आवाज आला, "त्याला रंग कळत नाहीत सर, त्याला कशाला बसवलंय?" सगळे हसले. साहेबही.

पडद्यावर त्या घडीला दोन रंग नव्हतेच हो! धडधाकट डोळ्यांनाही तिथं एकच राखाडी दिसत होती. पण ओळ कुणालाच सांगता येत नाहीये, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण विचारलं फक्त मला होतं. २३४ चा हिशेब मला त्या रात्री सापडला. दुसऱ्या दिवशी दाखवला, "बरं बरं" झालं, आणि रिव्ह्यू दुसऱ्याकडे गेले ते गेलेच.

दुरुस्ती टीमक्सच्या सेटिंगमध्ये दोन ओळींची. डिफॉल्ट-टर्मिनल म्हणून टीमक्स-२५६कलर, आणि टर्मिनल-फीचर्समध्ये बाहेरच्या टर्मिनलच्या नावापुढे आरजीबी. हे ३.२ पासून, त्याआधी ओव्हरराइड्समध्ये टीसी लिहायचं. पूर्ण रंगांची सोय टीमक्सच्या २०१६ च्या २.२ आवृत्तीपासून आहे. नावातल्या २५६ ला बिचकू नका. सत्रातून बाहेर पडून पुन्हा जोडा. आधीच उघडलेले पेन (टीमक्समधले खिडकीचे भाग) जुनंच नाव धरून बसतात, ते नव्यानं उघडा.

पूर्वीचा मी म्हणायचा, रंगावर विसंबूच नये, खुणा चालू ठेव, कुणाला काही कळू देऊ नको. खुणांबद्दल त्याचं चूक नव्हतं. सिग्नलही मी जागेवरूनच ओळखतो. पण दिवसभर शेकडो ओळी चाळताना खूण शोधावी लागते, रंग आपोआप दिसतो. तुम्हाला तो आपोआप दिसतो म्हणून तुम्ही विचारत नाही, आणि मी मागितला की चैन ठरते.

तरी एका ग्राहकाच्या सर्व्हरवर टीमक्सऐवजी तसंच काम करणाऱ्या ग्नू स्क्रीनची चौथी आवृत्ती आहे. पूर्ण रंग स्क्रीनमध्ये २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत आले. तिथं मी खुणा चालू करतो आणि काम उरकतं. मग सगळीकडे तसंच का करत नाही, असं तुम्ही विचारणार. मीही विचारतो. तरी नवा सर्व्हर मिळाला की आधी त्या दोन ओळीच टाकतो.