खाडीच्या गाळातला जीवाणू नवा ठरवताना

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, त्यानंतरच्या हिवाळ्यात वनविभागाची परवानगी घेऊन आम्ही ऐरोलीच्या खारफुटीत, ओहोटीच्या वेळी, पोटरीभर चिखलात उभे राहून निर्जंतुक बाटल्यांत गाळ भरला.

मरीन अगारवर, म्हणजे समुद्री जीवाणू वाढवण्याच्या खारट माध्यमावर, पसरलेल्या त्या गाळातून चौथ्या दिवशी एक फिकट नारिंगी कॉलनी उगवली. तिच्या १६एस जनुकाचे (जीवाणूंची ओळख पटवायला वापरतात ते जनुक) सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी साम्य ९७.२ टक्के निघाले. हे साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर प्रजाती नवी असण्याची दाट शक्यता मानतात, त्यामुळे त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत वडापाव मागवले गेले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मात्र मला क्रोमॅटोग्राम, म्हणजे जनुकाची अक्षरे शिखरांच्या रूपात दाखवणारा आलेख, उघडायला लावला. कित्येक ठिकाणी एका शिखराखाली दुसरे बारीक शिखर डोकावत होते, म्हणजेच नमुना शुद्ध नव्हता. भिंगातून पाहिले तेव्हा नारिंगी कॉलनीच्या कडेला चिकटलेला, टाचणीच्या टोकाएवढा, जवळजवळ पारदर्शक ठिपका दिसला. पुन्हा सहा वेळा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या अगारवर रेघा ओढत पसरून, तो वेगळा काढल्यावर नारिंगी जीवाणूचे साम्य ९९.१ टक्के आले आणि माझा महिनाभराचा उत्साह ओसरला.

विषय तिथेच सोडला नाही, याचे श्रेय मॅडमचेच आहे. हे जनुक इतके सावकाश बदलते की वेगळ्या झालेल्या प्रजातीही त्यात एकसारख्या दिसू शकतात, असे सांगून त्यांनी संपूर्ण जीनोम (जीवाणूचा सगळा डीएनए) वाचून घ्यायला लावला. दोन जीनोममधील सरासरी न्यूक्लिओटाइड (डीएनएच्या अक्षरांच्या) साम्याची सीमा ९५ ते ९६ टक्के मानतात; त्याखाली प्रजाती वेगळी. आमचे ९१ आले. डिजिटल डीएनए-डीएनए संकरणाची (दोन जीनोम किती जुळतात याचा संगणकी अंदाज) सीमा ७० टक्के आहे. तिथे ४३ मिळाले. म्हणजे प्रजाती नवीच होती.

पेशीतली मेदाम्ले, मिठाची व तापमानाची सहनशीलता या चाचण्या, जवळच्या प्रजाती शेजारी त्याच माध्यमावर वाढवून, दोन महिन्यांत उरकल्या. ठिकाणावरून दिलेल्या नावाच्या शेवटी 'एन्सिस' की 'एन्से' हे मात्र जीनसच्या (प्रजातीच्या वरच्या गटाच्या) नावाच्या लॅटिन लिंगावर ठरते, आणि त्यावर आम्ही मिठाच्या चाचणीपेक्षा जास्त वाद घातला.

खरी कसोटी लागली ती जीवाणू संग्रहांत जमा करताना. २००१ पासून नियम असा की, प्ररूप वाण (प्रजातीचा अधिकृत नमुना ठरलेला जिवंत जीवाणू) किमान दोन वेगवेगळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत ठेवल्याशिवाय नव्या प्रजातीचे नाव वैध ठरत नाही. पुण्याच्या संग्रहात वाण सहज जिवंत झाला. परदेशी पाठवलेल्या पहिल्या कुपीतून काहीच उगवले नाही, कारण अर्जात माध्यमाच्या रकान्यात मी नुसते 'अगार' लिहिले होते आणि मिठाचा उल्लेखच विसरलो होतो. जैवविविधता कायद्याची कागदपत्रे पुन्हा जोडून दुसरी कुपी पाठवली. अकरा आठवड्यांनी 'वाण जिवंत आहे' असे कळले, तेव्हा मी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या डब्यावरचा 'ऐरोली-१४' हा कागद काढून तिथे संग्रहाचा क्रमांक चिकटवला.