मनगटावरचा दोरा

उत्तर लाओसमध्ये लुआंग नामथाजवळच्या खमू आदिवासींच्या एका गावात आजचा दिवस गेला. घरातलं पोर तापातून उठलेलं. त्याचा आत्मा भटकला असेल तर परत यावा म्हणून कोंबडी कापली आणि मग एकेक जण येऊन त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून गेला. पुटपुटत, गाठ घट्ट ओढून. शेवटी एका आजींनी माझाही हात ओढला!

मग मडक्यातली तांदळाची दारू, लांब नळ्यांनी. कोण आधी ओढणार यात नातं दिसतं. मामाकडच्यांचा मान मोठा, कारण ते मुलगी देणारे. आपल्याकडे उलटंच, मुलगीवाले वाकणारे. पण मामाची मुलगी करावी, आत्याची नाही, हे इथेही! 'वेल माघारी येऊ नये', म्हणजे दिलेल्या मुलीची लेक परत माहेरी सून म्हणून आणू नये, असं म्हणणारी माझी आजी इथे सहज रमली असती.

कुळंही वाघ, उदमांजर, धनेश, नेचा अशी. आपल्या कुळाचा प्राणी मारायचा नाही, खायचा नाही. दुभाष्याने माझं कूळ विचारलं. म्हटलं, आमचं देवक पंचपल्लव. पाच झाडांची पानं ऐकून म्हातारे खूश. एकाने लगेच विचारलं, मग ती जाळत नाही ना?

आमच्या लग्नात देवक बसवलं तेव्हा मी फोटोग्राफरशी हुज्जत घालत होतो.

दोरा अजून हातात आहे. अंघोळीला भिजलाय, काढवत नाहीये.