उदगीरच्या बाईला भरतीचं काय?

"मॅडम, आपल्याकडं समुद्र कुठंय?" मिलमधल्या मुकादमापासून नणंदेच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. मी उदगीरला एका डाळ मिलमध्ये हिशेब बघते आणि गेली सहा वर्षं कोकणातल्या एका सी कयाकिंग क्लबची, म्हणजे समुद्रात वल्ह्यानं अरुंद, हलकी बोट चालवणाऱ्यांच्या मंडळाची, सभासद आहे. वर्षातून चार-पाचदा ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करून पुणं गाठते. तिथून कुणाच्या तरी गाडीत, टपावर बोटी बांधून, आम्ही हर्णैला जातो. उरलेलं वर्ष मी इथंच असते. लोकांना खरं विचारायचं असतं ते त्या उरलेल्या वर्षाबद्दल: समुद्र नाही, बोट नाही, मग क्लबात तुझं काम काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी वेळा काढते. माझा भाऊ म्हणतो, वेळ काढते.

दर गुरुवारी संध्याकाळी, मिलचा गल्ला मोजून झाला की, येत्या शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा, वारा आणि लाटांची उंची मी क्लबच्या ग्रुपवर टाकते. त्यावर बाकीचे ठरवतात, निघायचं किती वाजता, फिरायचं कुठून, की जायचंच नाही. हे काम कुणी मला दिलेलं नाही. पहिल्याच फेरीत हर्णै बंदरावर एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे म्होरके, हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत बसले होते. मी विचारलं, काका, काय मोजताय? म्हणाले, "तिथीची पाऊणपट." म्हणजे चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज उशिरा येतो, त्याच्यामागं भरती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण गणित चालतं.

मी तिथंच हसायला लागले. आमच्या घरात आईच्या एकादश्या, संकष्ट्या, पैठणची नाथषष्ठी, सगळं तिथीवर. आज कोणती तिथी हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पुण्यातल्या सभासदांना तारीख माहीत असते, तिथी नाही. तेव्हा समुद्राजवळ राहणाऱ्यांपेक्षा अर्धं गणित मला आधीच येत होतं. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात गर्दी असते तेव्हा हर्णैला साडेचारच्या आसपास भरती असते, हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग नाथालाच विचारायचं की."

आता मी भारतीय सर्वेक्षण विभागाची छापील कोष्टकं बघते, पण पाऊणपट काढल्याशिवाय सही करत नाही. दोन्हींत तासाचा फरक आला की कुठंतरी चुकलंय हे कळतं. ही सवय मला फुकट लागलेली नाही. दुसऱ्याच वर्षी मी कोष्टकातली वरची ओळ उतरवली, आदल्या आठवड्याची. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. अंजर्ल्याच्या खाडीत मंडळी माझ्या वेळेवर विसंबून आत गेली आणि परत येताना खाडीत पाणीच नव्हतं. कांदळवनाच्या कडेनं मांडीएवढ्या गाळातून पाच-पाच मीटरच्या बोटी ओढत दोन तास. एकाचा पाय कालवांच्या शिंपल्यांनी कापला. मी त्या दिवशी इथं खुर्चीत बसून भुशाच्या पावत्या लावत होते. वजनकाट्यावर शून्य चुकलं तर पैसे जातात. हे काही तसलं नव्हतं.

रात्री फोन आला. मला वाटलं आता बोलणी बसणार. पलीकडून फक्त एवढंच, "पुढच्या वेळी कोष्टकाचा फोटो पण टाका, आम्ही दोघं तपासू." पुढच्या गुरुवारी मी काहीच टाकलं नाही, लाज वाटत होती. साडेआठला ग्रुपवर विचारणा: "वेळा?" मग टाकल्या. तेव्हापासून माझ्या आकड्यांखाली आणखी दोघांचं "बरोबर" आल्याशिवाय कुणी बोटीला हात लावत नाही. मला त्यात अपमान वाटत नाही. मिलमध्येही ऑडिट असतंच.

वाऱ्याचंही असंच. शाळेत भूगोलाच्या पेपरात "खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा" हा प्रश्न हमखास यायचा. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर गार होते, वारा उलटा, तो मतलई. मी पाठ करून पूर्ण गुण घेतले आणि तो मतलई वारा अंगाला लागला चाळिशीत. पहाटे किनाऱ्याजवळ पाणी ताटातल्या पाण्यासारखं शांत दिसतं. वाटतं, काय सुंदर! पण वारा पाठीमागून, जमिनीकडून असतो आणि हलकी बोट नकळत बाहेर, बाहेर नेतो. परत फिरलं की कळतं. आणि दुपारी खारा वारा उठला की सगळा समुद्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो. म्हणून आम्ही उजाडता निघतो आणि उन्हं चढायच्या आत परततो. फिरणं रद्द झालं की पुण्याहून कुणी कुरकुर केली तर बाकीचे त्याला चहा पाजतात, बस.

पोहायला येतं का, हा दुसरा प्रश्न. येतं. वडिलांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. पण कयाकमध्ये पोहणं नंतर, आधी उलटं होणं शिकायचं. ही बोट जेमतेम दोन फूट रुंद, बसायच्या भोकावर रबरी पडदा, तो कमरेला घट्ट. उलटली की तुम्ही डोकं खाली, पाय बोटीत. आधी पुढं वाकायचं, बोटीच्या बुडावर दोन्ही हातांनी तीन थापा मारायच्या, म्हणजे इतरांना कळतं की ही शुद्धीत आहे. मग पडद्याच्या पुढचा पट्टा पुढं ओढून सोडवायचा आणि बाहेर सरकायचं. बोट सोडायची नाही.

हे मी आमच्या शेततळ्यात शिकले, क्लबातून आणलेल्या जुन्या बोटीवर. शेततळं म्हणजे काळ्या कागदाचं अस्तर, भरलं की चढायला पाय ठरत नाही. दरवर्षी कुठं ना कुठं माणूस जातो त्यात. म्हणून भाऊ चारही कडांनी दोर सोडून, ट्यूब घेऊन काठावर बसायचा. पहिल्या दिवशी त्याच्या हातात विडी होती. मी पाण्याखालून थापा मारल्या, बाहेर आले तर विडी विझलेली आणि हा ट्यूबसकट कमरेएवढ्या पाण्यात.

खरी उलटले ती सुवर्णदुर्गाच्या तटापाशी. लाट तटाला आपटून परत फिरते, येणारीला भिडते आणि पाणी कोणत्याही बाजूनं उसळतं. विहिरीत आणि शेततळ्यात असलं काही नसतं. थापा मारल्या, बाहेर आले, नाकातोंडात खारट. क्लबातल्या निवृत्त नर्सबाई माझ्या बोटीच्या टोकाशी आल्या, टोक उचलून आपल्या बोटीवर आडवं घेतलं, पाणी निथळलं, बोट सुलटी केली, शेजारी लावली आणि म्हणाल्या, "चढ गं, घाई नाही." आपल्या अख्ख्या वजनानं त्यांनी माझी बोट धरून ठेवली होती. बाकीचे जरा लांब एकमेकांच्या बोटी धरून थांबलेले. कुणी पुढं गेलं नव्हतं. सगळ्यात हळू माणसाच्या वेगानं जायचं, हा क्लबचा नियम त्या दिवशी माझ्या नावावर होता. आता शेवटी राहून डोकी मोजायचं काम माझ्याकडं असतं. तेही हिशेबाचंच.

एक गंमत सांगायची राहिली. लाटांचा अंदाज मी ज्या सरकारी संस्थेचा बघते, ती इन्कॉइस, हैदराबादेत आहे. तिथूनही समुद्र दिसत नाही. उदगीरला हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, १९५६ पर्यंत आमचा सगळा कारभारच तिकडं. मुकादमाला हे सांगितल्यावर तो विचारात पडला आणि पुन्हा कधी "समुद्र कुठंय" म्हणाला नाही. आता विचारतो, "शनवारी वारं हाय का?"

एका अमावास्येला मात्र मी कोकणात जात नाही. मार्गशीर्षातली, आमची येळवस. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. क्लबातले दरवर्षी बोलावतात, उधाण बघायला ये म्हणतात. मागच्या येळवशीला वहिनी आंबील वाढत होती, भावानं पेला हातात घेतला, उन्हाकडं बघितलं आणि विचारलं, "आता तिकडं भरत आलं असंल ना?"

मी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा झाले होते.

"भरलं असेल," म्हटलं.

"मग पी," म्हणाला.