भुट्ट्याचा कीस आणि लंडनचे सरकार

14 जुलै 2016 च्या संध्याकाळी इंदूरच्या रामबागेतल्या घरी भुट्ट्याचा कीस परतत असताना लंडनहून भाच्याचा फोन आला. 23 जूनच्या ब्रिटनमधल्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला होता. मात्र आदल्याच दिवशी पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे स्वतः संघात राहण्याच्या बाजूने होत्या, त्यामुळे त्याच्या कचेरीत दोन्ही गट सारखेच साशंक होते. बोरिस जॉन्सन परराष्ट्रमंत्री झाल्याचे ऐकून त्याचा सहकारी कप हातात धरून नुसता हसत राहिला म्हणे. "मावशी, शेजारचे आजोबा खुशीत आहेत, पण माझ्याशी बोलताना नजर टाळतात," हे मात्र त्याने जरा थांबून सांगितले. (आपल्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत राजकारणावरून भांडणारे निदान शेजारीशेजारी उभे राहून कचोरी तरी खातात.) तोवर कीस कढईला लागला होता.